पॅसेज चौतीस

उदगीरला मे महिन्यात
बाहेर बेचाळीस, इनक्युबेटरमध्ये सदतीस.
शेळ्यांच्या विषाणूसाठी राखलेली ही पेटी
आमच्या कॉलेजातली दुसरी गार जागा.
पहिली, प्राचार्यांची केबिन.

वीज गेली की जनरेटर धरेपर्यंत
मी दार उघडत नाही,
श्वाससुद्धा हळू घेते.

विषाणू आला तोंडारच्या कळपातून.
अठरा उस्मानाबादी शेळ्या, अकरा गेल्या.
नमुना घेताना कोंडाबाई म्हणाली,
"घ्या की बाई, पर ह्याला बाटलीत तरी जगू देऊ नगा."

आम्ही नेमकं तेच केलं.

चौथ्या दिवशी पेशी एकमेकींत विरघळल्या,
मधल्या भिंती पाडून एकच घर केल्यासारख्या,
मग तळ सोडून तरंगायला लागल्या.
डॉ. बिरादार म्हणाले, "छान. ब्लीचमध्ये टाका."
मी टाकलं नाही.
शनिवार होता. आळस म्हणा.

सोमवारी तळाशी पाच-सहा बेटं चिकटून होती.
खाऊ बदलला. बारा दिवसांत फ्लास्क भरला.
रंग देऊन पाहिलं तर शंभरातल्या नव्वद चमकल्या,
सोलाण्यासारख्या हिरव्या.
म्हणजे तो आत होता, त्या जिवंत होत्या.
मरत नव्हत्या, बऱ्याही होत नव्हत्या,
दुभंगताना दोन्ही लेकींच्या ओटीत
थोडा थोडा घालत होत्या त्याला,
न मागता.

असे चौतीस पॅसेज.
दर आठवड्याला धुवायचं, सोडवायचं, वाटायचं.
झाकणावर मार्करनं आकडा.

मग हैदराबादहून अहवाल आला.
जवळजवळ सोळा हजार अक्षरं,
त्यांतली नऊ बदललेली. चार एकाच जनुकात,
ज्याचं प्रथिन विषाणूला पेशीबाहेर पडायला लावतं.
बाहेरचा रस्ता विसरला होता तो.
एकोणचाळीसवर ठेवला तर गप्प,
तेहतीसवर आणला की पुन्हा कुजबुजायचा.

बिरादार सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"अक्षर बदललं म्हणून राहिला,
का राहिला म्हणून अक्षर बदलत गेलं?
हे सांगा, मग पेपर लिहू."

मूळचा विषाणू, अकरा शेळ्या मारणारा,
फ्रीझरमधून काढून याच पेशींवर सोडला.
काही झालं नाही.
त्याही आता त्या राहिल्या नव्हत्या.

माझी आई औरादची, घरात कानडी.
लग्न होऊन इकडे आली तेव्हा
'भ' तिच्या जिभेवर उभा राहत नसे.
बाकर. बांडं. बाऊजी.
आत्या तोंडाला पदर लावून हसायच्या.
आता चाळीस वर्षांनी वडील चिडले की म्हणतात,
"बाकर वाढ."
आत्यांचा फोन येतो, त्याही.
परभणीच्या परिषदेत मी वाचलेल्या शोधनिबंधाचं
रेकॉर्डिंग परवा ऐकलं.
'विषाणूबादित पेशी', सतरा वेळा.
मोजत बसले होते.

हे मी सरांना सांगितलं नाही.
तक्त्यात बसत नाही.

काल कोंडाबाई आली होती, उरलेल्या सातांची लस घ्यायला.
दारातूनच विचारलं,
"हाय का आजून, आमचा रोग?"
आहे, म्हटलं.
"मारलालाय का?"
नाही. नुसता राहतो.
तिनं पेटीकडं पाहिलं, काचेतल्या गुलाबी पाण्याकडं,
दावणीला नवं जनावर बघावं तसं.
"मग काय करलालाय तिथं?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात वीज गेली.
दोघी जनरेटरच्या आवाजाची वाट बघत
तशाच उभ्या राहिलो,
दार न उघडता.